बिल्ला, चिप आणि वळूचं दूध

५ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी माण तालुक्यातून काकांचा फोन आला. त्या दिवशी वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' जाहीर झाली होती आणि काकांनी ती बातमी जेवताना, अर्धी ऐकली होती.

"कानात बिल्ला मारून झाला. आता चिप बी बसवणार काय रं? आन् त्याचं पैसं कुणी द्यायचं?"

काकांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. जनावराच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला मारायची मोहीम त्यांच्या गोठ्यापर्यंत आधीच पोहोचली होती. बिल्ल्यापाठोपाठ चिप म्हटल्यावर माणूस काय समजणार? मी म्हटलं, "काका, ताईला विचारा की. तिचाच विषय आहे." त्यावर थोडा वेळ शांतता आणि मग, "तिला काय विचारायचं? गुरांची डाक्टर केली तिला. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसती आता. गुराला हात लावून किती वर्सं झाली तिला, तिलाच इचार."

ताई म्हणजे काकांची थोरली मुलगी, माझी चुलत बहीण. परळच्या वेटर्नरी कॉलेजात शिकली. १८८६ साली सुरू झालेलं हे कॉलेज. शेजारच्या प्राण्यांच्या दवाखान्याला जुने परळकर अजून 'बैलघोडा'च म्हणतात. पदवीनंतर पशुआनुवंशशास्त्र, म्हणजे जनावरांच्या पैदाशीचं शास्त्र, घेऊन तिने पुढचं शिक्षण केलं आणि आता नवी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत माणसांच्या कर्करोगाचा डेटा तपासते. पदाच्या नावात 'बायोइन्फर्मॅटिक्स' आहे. काकांच्या मते पोरगी धंदा सोडून गेली.

माझं म्हणणं असं की काकांचे दोन्ही गैरसमज एकाच ठिकाणी सुटतात. चिप काय करते हे नीट कळलं, की ताईने काहीच सोडलेलं नाही हेही कळतं.

वळूच्या दुधाची परीक्षा

दुधाच्या धंद्यातला सगळ्यात मोलाचा प्राणी दूध देत नाही. तो वळू असतो. एक गाय आयुष्यात पाच-सहा, फार तर आठ-दहा वासरं देईल. गोठवलेल्या वीर्याच्या कांड्यांमुळे एका वळूची वासरं हजारांनी होतात. म्हणजे वळू चुकीचा निवडला तर चूकही हजारांनी वाटली जाते.

पण त्याचं दूध मोजणार कसं? पैदासशास्त्राचं जुनं उत्तर होतं, त्याच्या मुली बघा. वळू दोनेक वर्षांचा झाला की त्याचं वीर्य बऱ्याच गाईंना द्यायचं. नऊ महिन्यांनी कालवडी होतील. त्या वाढून, गाभण राहून, व्यायला आणखी तीन वर्षं. मग त्यांच्या पहिल्या वेताचं दूध जवळजवळ वर्षभर मोजायचं. सहा-सात वर्षांनी कळतं की वळू चांगला होता की सुमार. तोवर सुमार वळूला वर्षानुवर्षं खाऊ घातलेलं असतं. आपल्याकडच्या म्हशी व्यायला उशीर लावतात आणि गाभणही दहा महिने असतात, त्यामुळे रेड्याच्या बाबतीत याहून जास्त वेळ जातो.

इथे तीन शब्द सांगून टाकतो. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, जो जवळपास प्रत्येक पेशीत असतो. त्यातला एखादा कामाचा परिच्छेद म्हणजे जनुक. आणि सगळा मजकूर मिळून जिनोम. गाईचा जिनोम सुमारे २७० कोटी अक्षरांचा आहे, माणसाचा ३१० कोटींच्या आसपास.

'दुधाचं जनुक' असं एकच काही नसतं. उंची, वजन, दूध यांसारखे गुण शेकडो-हजारो जनुकांच्या बारीक बारीक वाट्यांतून बनतात. रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९१८ मध्येच हे गणिताने दाखवलं होतं. शिवाय दोन गाईंच्या दुधातल्या फरकाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच वारशातून येतो. उरलेला वैरण, पाणी, ऋतू, कितवं वेत आणि गोठेवाल्याचा हात यांचा.

दहावीचे मार्क आणि तबेल्याचे लिटर

ताई शिकत असताना एकदा पहाटे तीनला तिच्याबरोबर आरेच्या एका तबेल्यात गेलो होतो. ट्यूबलाइटच्या उजेडात पाठीला पाठ लावून म्हशींच्या रांगा, खाली शेणपाण्याचा ओघळ, आणि सगळीकडे बादलीत धार पडल्याचा तो एकसुरी आवाज. ताई गमबूट घालून प्रत्येक बादली ताणकाट्याला लावायची, वहीत आकडा लिहायची, आणि गवळ्याला विचारायची, "ही कधी व्यायली?" तो म्हणायचा, "दिवाळीला." ताईची पेन्सिल थांबायची. दिवाळी म्हणजे वसुबारस की भाऊबीज?

एवढ्या बारीक चौकशीचं कारण असं. आरेतली म्हैस सरकी पेंड खाऊन बारा लिटर देते, माणमधली कडबा खाऊन आठ. मग आरेची म्हैस वंशाने सरस का? दहावीला कोचिंग लावून ८५ टक्के मिळवलेला मुलगा आणि दहा बाय दहाच्या खोलीत, टीव्हीच्या आवाजात अभ्यास करून ७८ मिळवलेली मुलगी, यांची तुलना नुसत्या टक्क्यांवर करू नये हे आपल्याला कळतं. पण कोचिंगचे किती मार्क वजा करायचे, हे कोण सांगणार?

ते गणित बसवलं गाईंच्या माणसाने. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे चार्ल्स हेंडरसन यांनी १९५० च्या सुमारास याची सुरुवात केली. प्रत्येक गोठ्याचा, ऋतूचा, वेताचा वाटा बाजूला काढायचा, नात्यातल्या सगळ्या जनावरांचे आकडे एकमेकांच्या मदतीला घ्यायचे, आणि मग वारशाचा जो अंदाज उरतो त्याला म्हणायचं पैदास मूल्य. त्याच्याही आधी, १९२२ साली, सूअल राइट यांनी जवळच्या नात्यातली पैदास मोजायचं सूत्र दिलं. ते तेव्हा अमेरिकेच्या शेती खात्यात गिनिपिगांच्या पैदाशीच्या नोंदी तपासत होते. हेंडरसन यांची पद्धत आज औषधांच्या चाचण्यांपासून शाळांच्या निकालापर्यंत वापरली जाते. ती वापरणाऱ्या किती जणांना तिला शेणाचा वास आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे.

तेव्हा पशुआनुवंशशास्त्र म्हणजे सुई-स्टेथोस्कोपचं काम, हा समज पहिल्यापासूनच चुकीचा. आकडेमोड हाच तो विषय. ताई परळला असतानाही निम्मा वेळ कॉम्प्युटरपुढेच होती, काकांना ते दिसलं नव्हतं इतकंच.

मुंबईच्या तबेल्यांबद्दल एक जाताजाता सांगतो, कारण ताईला तेव्हा ते फार लागलं होतं. इथे हरियाणा-गुजरातच्या चांगल्यातल्या चांगल्या म्हशी ताज्या व्यालेल्या विकत आणायची जुनी रीत. वेतभर धार काढायची. भाकड झाली की पोसणं शहरात परवडत नाही, म्हणून ती बऱ्याचदा विकली जाते, आणि पारड्यांना तर फारसं कुणी विचारतच नाही. म्हणजे वंश वाढवण्याच्या लायकीची जनावरं निवडून आणायची आणि त्यांचा वंश इथे थांबवायचा. ताईच्या वहीत आईचा रकाना होता, पोरीचा बहुतेक वेळा कोराच.

चिप कानात नसते

आता काकांच्या प्रश्नाकडे. गौचिप ही प्रयोगशाळेत राहणारी काचेची पट्टी. गाईचं थोडं रक्त, केसांची मुळं किंवा कानाचा टिचभर तुकडा पाठवायचा. कानाशी संबंध असलाच तर एवढाच. त्यातून काढलेला डीएनए पट्टीवर सोडला की ठराविक जागी कोणतं अक्षर आहे ते समजतं.

सगळी २७० कोटी अक्षरं ती वाचत नाही. एकाच जातीच्या दोन गाईंचा मजकूर बहुतांश सारखाच असतो. मधूनमधून एखादं अक्षर वेगळं. अशा बदलत्या अक्षराच्या जागेला 'स्निप' म्हणतात. चिपच्या प्रकाराप्रमाणे काही हजारांपासून काही लाखांपर्यंत स्निपा तपासतात.

एवढ्याशा जागा बघून बाकीचं कसं कळतं? सकाळच्या लोकलमधलं भजनी मंडळ आठवा. तोच डबा, तीच खिडकी. फलाटावर टाळवाला दिसला की ढोलकीवाला आणि आवाज लावणारे बुवा पण आलेत असं धरून चालायला हरकत नाही. रोज एकत्र चढतात, एकत्र उतरतात. गुणसूत्रावर, म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यावर, शेजारी असलेले तुकडे तसेच पिढ्यान्‌पिढ्या एकत्र प्रवास करतात. स्निप म्हणजे टाळवाला. दुधावर परिणाम करणारं अक्षर हा ढोलकीवाला; तो चिपला प्रत्यक्ष दिसला नाही तरी चालतो.

पण विरार लोकलचं मंडळ कल्याण लोकलमध्ये शोधून कसं चालेल? युरोपातल्या होल्स्टीन गाईंवर बेतलेली चिप आपल्या गीर, देवणी, खिल्लारवर तितकी चालत नाही, कारण इथे टाळवाल्याबरोबर चढणारी माणसं वेगळी आहेत. वशिंडाच्या गाईंचा वंश युरोपी गाईंपासून लाखो वर्षांपूर्वी वेगळा झालेला. म्हैस तर प्राणीच निराळा; गाईची गुणसूत्रं ६०, मुऱ्हा-पंढरपुरीसारख्या आपल्या म्हशींची ५०. आपल्या जनावरांसाठी आपली चिप का हवी, त्याचं उत्तर हे आहे. त्यात देशाभिमान आणायची गरज नाही.

पन्नास हजार जिन्नस, पाच हजार बिलं

चिपने अक्षरं वाचली. कोणतं अक्षर किती दूध वाढवतं हे तिला कुठे माहीत असतं? ताईचा खरा धंदा इथे सुरू होतो.

समजा तुमच्याकडे किराण्याच्या दुकानाची बिलं आहेत. कोणी काय काय नेलं ते लिहिलंय, खाली एकूण रक्कम आहे, पण एकेका जिनसाचा भाव खोडलेला. जिन्नस वीस आणि बिलं पाचशे असतील तर चिकाटीचा माणूस भाव काढेल. आता जिन्नस पन्नास हजार आणि बिलं पाच हजार. शाळेत शिकलेल्या बीजगणिताने हे सुटत नाही. अज्ञात जास्त, समीकरणं कमी. हजार वेगवेगळी उत्तरं सगळीच बरोबर ठरतात.

इथे गाय म्हणजे बिल, स्निप म्हणजे जिन्नस आणि दूध म्हणजे एकूण रक्कम.

२००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड या तिघांनी यावर तोडगा मांडला. आधीच धरून चाला की बहुतेक जिनसांचा भाव शून्याच्या जवळपास आहे आणि पुरावा भक्कम असल्याशिवाय कुठल्याच जिनसाला मोठा भाव देऊ नका. एकेका भावात चूक होईल, पण बिलाची बेरीज बऱ्यापैकी जमेल. आणि आपल्याला हवी असते बेरीजच. गंमत म्हणजे तेव्हा गाईंसाठी अशी दाट चिप अस्तित्वातच नव्हती. तिघांनी कॉम्प्युटरमध्ये काल्पनिक जनावरं तयार करून हे दाखवलं. गाईचा जिनोम प्रसिद्ध झाला २००९ मध्ये, डॉमिनेट नावाच्या एका हेरफर्ड गाईचा; आणि त्याच वर्षी अमेरिकेत होल्स्टीन वळूंचं अधिकृत मूल्यमापन चिपच्या आधारे सुरू झालं. वासरू जन्मल्याबरोबर रक्ताच्या थेंबावरून त्याच्या न झालेल्या मुलींच्या दुधाचा अंदाज. सहा-सात वर्षांची वाट वाचली.

अंदाजच, बरं का. वासरू वळू होऊन त्याच्या मुली दूध देईपर्यंत पक्कं काही नसतं.

मग बायोइन्फर्मॅटिक्स कशाला म्हणायचं?

जीवशास्त्राचा मजकूर साठवायचा, जुळवायचा, त्यात अर्थ शोधायचा, आणि हे सगळं कॉम्प्युटरने करायचं. शब्द १९७० चा, पॉलिन होखेवेख आणि बेन हेस्पर या डच संशोधकांचा. काम त्याच्याही आधीचं. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये तोवर माहीत असलेल्या प्रथिनांच्या अक्षरमाळा एका पुस्तकात गोळा केल्या. किती? जेमतेम ६५. तेव्हा सगळं ज्ञान एका पुस्तकात मावत होतं.

मानवी जिनोम प्रकल्प १९९० ते २००३ चालला, खर्च अंदाजे २७० कोटी डॉलर. आज एका माणसाचा जिनोम हजार डॉलरच्या आत वाचून होतो आणि त्याच्या कच्च्या फायली शंभर जीबीच्या आसपास जातात. वाचायला स्वस्त, समजून घ्यायला माणसं कमी. जनावरांच्या जनुकांवर काम करणारी मंडळी या बाजूला ओढली गेली ती यामुळे. बिलांचं गणित त्यांना आधीपासून येत होतं.

यंत्र जिनोम सलग वाचत नाही. दीड-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे देतं. चाळीतल्या तीस बिऱ्हाडांत एकाच छापाचं भिंतीवरचं कॅलेंडर आहे आणि प्रत्येकाचं कॅलेंडर कसरीने वेगळ्या ठिकाणी खाल्लंय, असं समजा. एकाचे चतुर्थीचे दिवस गेलेत, दुसऱ्याचे शाबूत. तुकड्यांच्या कडा एकमेकांवर ठेवत ठेवत अख्खं पान जुळवायचं. तीस प्रती लागतात त्या यासाठीच, आणि त्यामुळेच एका प्रतीतला ठिपका शाईचा डाग आहे की खरा छापलेला, हेही ठरवता येतं.

तळमजला की पहिला मजला

ताईचं रोजचं काम बघितलं तर काकांची निराशा होईल. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बाजूला गार झालेला चहा. मी एकदा शनिवारभर तिच्याशेजारी बसलो. सकाळपासून ती एकाच गोष्टीशी झगडत होती: दोन फायली जुळत नव्हत्या, प्रत्येक जागा एका अक्षराने पुढे.

कारण ऐकून मी हसलो. आपल्याकडे तळमजल्याच्या वरचा तो पहिला मजला. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात. जिनोमच्या फायलींतही दोन पंथ आहेत. 'बेड' नावाच्या फायली मोजणी शून्यापासून करतात, 'व्हीसीएफ' नावाच्या एकपासून. कुणीतरी एका पंथाची फाइल दुसऱ्या पंथाची समजून जोडली होती. कॉम्प्युटर तक्रार करत नाही, तो मुकाट्याने शेजारच्या दारावर घंटी वाजवतो.

एक्सेलची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' या नावांची जनुकं होती. एक्सेलमध्ये टाकली की त्यांची तारीख व्हायची, १ मार्च, २ सप्टेंबर. इतके शोधनिबंध यामुळे बिघडले, की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने माघार घेऊन जनुकांचीच नावं बदलली. 'मार्चएफ१', 'सेप्टिन२'. सॉफ्टवेअर जिंकलं.

हजेरीपटात नसलेली वासरं

ताईला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र वेगळी. तिला कुणी "जनावरं सोडून कॉम्प्युटर कशाला?" विचारलं की ती ही सांगते.

१९६२ साली अमेरिकेत एक होल्स्टीन वळू जन्मला, नाव चीफ. दुधासाठी असा काही निघाला की त्याच्या १६ हजार मुली झाल्या, नाती पाच लाख आणि पणत्या वीस लाखांहून जास्त. जगभरच्या होल्स्टीनमध्ये त्याचं रक्त मिसळलं. त्याच्या डीएनएत एका जागी एक घातक चूक होती, हे कुणालाच कळलं नाही, कारण चुकीची एकच प्रत असली तर जनावर ठणठणीत असतं. पण आई आणि बाप दोघांकडेही चीफकडून आलेली ती चूक असली तर चौथ्या हिश्श्याच्या वासरांकडे चुकीच्या दोन्ही प्रती येतात, आणि ती पोटातच जातात. शेतकऱ्याला काय दिसतं? गाय उलटली, म्हणजे गाभण राहिलीच नाही. पुन्हा भरवायची. गोठ्यात गाई उलटतातच, कोण कशाला विचार करतो.

२०११ मध्ये अमेरिकी शेती खात्यातल्या पॉल व्हॅनरेडन आणि सहकाऱ्यांनी हजारो जिवंत गाईंचा चिपचा डेटा उलटा वाचला. काय आहे ते न बघता काय नाही ते शोधलं. डीएनएचे काही तुकडे असे सापडले की एक प्रत असलेल्या गाई भरपूर, आणि दोन प्रती असलेली एकही नाही. हिशेबाने काही तरी असायलाच हवी होती. वर्गाच्या हजेरीपटात एका आडनावाची मुलं कधीच दाखल होत नाहीत, असं दिसल्यावर शिक्षकाने घरी चौकशीला जावं, तसा हा प्रकार. होल्स्टीनमध्ये असे तीन तुकडे निघाले. त्यातला एक चीफपर्यंत पोहोचला आणि २०१६ च्या अभ्यासात नेमकं जनुक सांगितलं गेलं, 'एपीएएफ१'. त्या एका चुकीने जगभर सुमारे पाच लाख गर्भ गेले असा अंदाज आहे, नुकसान सुमारे ४२ कोटी डॉलर. त्याच चीफच्या वारशाने वाढलेल्या दुधाची किंमत? सुमारे ३,००० कोटी डॉलर.

हे गोठ्यात उभं राहून कधीच सापडलं नसतं. आणि गाय उलटते म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसालाही सापडलं असतं का, मला शंका आहे.

गाईचं गणित माणसाला लावायचं?

लावलेलं आहेच. मधुमेह किंवा हृदयविकाराचा 'जनुकीय धोका' सांगणारे आकडे वाचनात येतात ना, ते बनवण्याची रीत पैदास मूल्याचीच: हजारो बारीक वाट्यांची बेरीज. म्हणून ताईला माणसांच्या डेटात आल्यावर घर बदलल्यासारखं वाटलं नाही, फक्त शेजारी बदलले. कर्करोगात थोडा फरक आहे. तिथे एकाच माणसाच्या गाठीतला मजकूर त्याच्याच रक्तातल्या मजकुराशी ताडून बघतात आणि गाठीने नव्याने काय खोडलं-लिहिलं ते शोधतात.

विरार-कल्याणची अडचण इथेही आहे. युरोपी लोकांवर बसवलेले धोक्याचे आकडे आपल्याला नीट लागू पडत नाहीत. 'जिनोम इंडिया' प्रकल्पात देशभरातल्या सुमारे दहा हजार माणसांचे जिनोम वाचून जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांसाठी खुला केला, तो याकरिता. आपल्याच लोकांत शोधल्याशिवाय काही गोष्टी सापडतच नाहीत. 'बॉम्बे' रक्तगट त्यातलाच. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे यांनी मुंबईत शोधला. नेहमीच्या तपासणीत हा माणूस 'ओ' दिसतो, पण त्याला 'ओ' रक्त चालत नाही.

मग पुढचा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. गुरांसारखी माणसांची निवड करणार का? ही भीती हवेतली नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ मध्ये माणसांच्या 'सुधारित पैदाशी'ला नाव दिलं आणि ज्या फिशरच्या गणिताचं वर कौतुक केलं तेही त्या विचाराचे पुरस्कर्ते होते. पैदासशास्त्र जवळून पाहिलेली माणसं याबाबतीत जास्त सावध असतात असा माझा अनुभव. गोठ्यात मालक ठरवतो की दूध हवं. तेवढ्या एका गोष्टीमागे लागून होल्स्टीनची गाभण राहण्याची क्षमता घसरली, आणि चीफचं वर सांगितलंच. माणसाचा मालक कोण? शिवाय असे आकडे हजारो जणांच्या सरासरीला बरे असतात, एकट्यादुकट्याच्या नशिबाला नव्हेत.

पशुवैद्यकीची साडेपाच वर्षं वाया गेली का?

ताईकडे एकदा गाईंच्या नोंदींची मोठी फाइल आली होती. बरोबरच्या इंजिनियर मुलाने ती तपासून 'स्वच्छ' म्हणून दिली; रिकामे रकाने नाहीत, अक्षरांच्या जागी आकडे नाहीत. ताईने पाच मिनिटांत परत पाठवली. एक गाय जानेवारीत व्यायली होती आणि पुन्हा जूनमध्ये. गाय २८० दिवस गाभण असते. कॉम्प्युटरला ते कुणी सांगितलेलं नसतं. शोध घेतल्यावर कळलं की एका गाईचा बिल्ला पडला होता आणि कुणीतरी तो उचलून दुसरीच्या कानात मारला होता.

हे सगळं आता एआय करेल, असंही लोक म्हणतात. बरंचसं करेल. प्रथिनांचे आकार ओळखणारं 'अल्फाफोल्ड' बनवणाऱ्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा मिळाला. पण अल्फाफोल्ड शिकलं १९७१ पासून माणसांनी एकेक करून जमवलेल्या आकारांवर. बिल्ला बदलल्याचं त्याला कोण सांगणार?

या वाटेने जायचं असेल तर बारावीनंतर 'नीट' ही प्रवेश परीक्षा, साडेपाच वर्षांची पशुवैद्यक पदवी, दोन वर्षं पशुआनुवंशशास्त्र, मग पीएचडी. मध्ये कधीतरी लिनक्स, आर आणि पायथन ही कॉम्प्युटरची अवजारं, जी कॉलेज पुरेशी शिकवत नाही आणि रात्री जागून शिकावी लागतात. थेट बायोइन्फर्मॅटिक्सची पदवीही मुंबई-पुण्यात मिळते. ती जवळची वाट. पैसे आयटीपेक्षा कमी, आणि बऱ्याच जागा प्रकल्प संपला की संपतात. ताईची दोनदा संपली आहे.

काकांना यातलं निम्मंच सांगितलं मी. बाकी ताईने सांगावं म्हणून फोन जोडून दिला. चिपचं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मग आपल्या चंद्रीचं रक्त तपासून बघ की तुझ्या त्या मशीनवर."

"बघता येईल अण्णा. पण आधी सांगा, ती गेल्या वेताला कधी व्यायली?"

"दिवाळीला."

"अण्णा."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कागद उलटल्याचा. गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून खिळ्याला होतं. "थांब, लिवलंय इथं. बारा... बारा का सतरा? तुझ्या आईचं अक्षर हाय. चष्मा आणतो."